८ इंची डॉब्सोनियन की १५० मिमी इक्वेटोरियल? नागपुरात गच्चीवरून बघण्यासाठी

मनीषनगर_गच्ची

नमस्कार मंडळी. पहिली मोठी परावर्ती दुर्बीण घ्यायची आहे. १०×५० ची द्विनेत्री आहे, नक्षत्रं ओळखता येतात, कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ तिच्यातून सापडतो. आता शनीची कडी, गुरूचे पट्टे आणि तारकागुच्छ नीट बघायचे आहेत.

दोन पर्याय समोर आहेत: ८ इंची एफ/६ डॉब्सोनियन (जमिनीवरच्या साध्या बैठकीवर वर-खाली आणि आडवी फिरणारी; एफ/६ म्हणजे फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या सहापट) किंवा १५०/७५० न्यूटोनियन (१५० मिमीचा आरसा, ७५० मिमी फोकल लेंथ, म्हणजे एफ/५) इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेल्या तिपाईवर. आयपीस (डोळा लावायची भिंगं) धरून बजेट ६० हजार. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चौथ्यापर्यंत, तिथून गच्चीला १८ पायऱ्या. गच्चीला चार फुटी कठडा आहे. मुलगी अकरा वर्षांची, तीही बघणार. मोबाइलने चंद्राचे फोटो निघाले तरी पुरे. मी चष्मा लावतो, नंबरात सिलिंडर (दृष्टिवैषम्य) आहे.

विचारायचं ते असं: कोणती घ्यावी, सोबत काय लागेल, आणि पावसाळ्याचे चार महिने ती ठेवायची कशी?

आरसा२०३

तुमच्या गरजेला ८ इंची डॉब्सोनियन. कारण सांगतो.

२०३ मिमीचा आरसा १५० मिमीपेक्षा सुमारे १.८ पट प्रकाश गोळा करतो. शौरीतला एम१३ तारकागुच्छ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) १५० मिमीत कडेकडेने सुटतो. ८ इंचीत, काळोख्या जागी, तो आतपर्यंत दाणेदार दिसतो. शिवाय एफ/६ चा आरसा एफ/५ पेक्षा सोसणारा असतो: कॉलिमेशन (आरशांची एकमेकांशी जुळणी) थोडं हललं तरी प्रतिमा लगेच बिघडत नाही आणि साध्या आयपीसमध्येही कडेचे तारे फारसे ताणले जात नाहीत.

इक्वेटोरियल माउंटची नागपुरात एक खास अडचण आहे. आपला अक्षांश २१ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २१ अंशांवर. माउंटचा ध्रुवीय अक्ष तितका खाली झुकवला की काही हलक्या माउंटांमध्ये अक्षांशाचा बोल्ट अडतो किंवा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला लागतो. ते जमवलं तरी लांब नळीची न्यूटोनियन इक्वेटोरियलवर फिरवली की आयपीस कधी वर, कधी खाली, कधी पलीकडे जातो. दर वेळी नळी कड्यांत सैल करून फिरवायची, हे अकरा वर्षांच्या मुलीला जमणार नाही. डॉब्सोनियनमध्ये आयपीस कायम बाजूला आणि सोयीच्या उंचीवर राहतो. ८ इंचीला प्लास्टिकचं स्टूल पुरतं.

तुमची खरी कसोटी त्या १८ पायऱ्या आहेत. नळी १० ते ११ किलो, बैठक तेवढीच किंवा थोडी जड, मिळून २५ किलोच्या आसपास. दोन फेऱ्यांत न्यायची: आधी बैठक, मग नळी. नळी सव्वा मीटरच्या आसपास लांब असते, जिन्याच्या वळणावर फोकसर (आयपीस बसवून फोकस जुळवायचा भाग) आपटतो. म्हणून फोकसर अंगाकडे ठेवून उचला. ऑर्डर देण्याआधी २० लिटरच्या कॅनमध्ये १२ लिटर पाणी भरून गच्चीपर्यंत दोनदा नेऊन बघा. दम लागला तर ६ इंची एफ/८ डॉब्सोनियन घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. महिन्यातून आठ वेळा बाहेर निघणारी ६ इंची ही दोनदाच निघणाऱ्या ८ इंचीपेक्षा कितीतरी जास्त आकाश दाखवते.

विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा. मुख्य आरसा पॅराबोलिक आहे का? एफ/५ च्या दुर्बिणीत गोलीय आरसा असेल तर जास्त वर्धनाला प्रतिमा कधीच टोकदार होत नाही. फोकसर दोन इंची आहे का? आणि वाहतुकीत आरशाचा टवका उडाला तर बदलून कोण देणार?

नळी अर्ध्या मीटरची आणि फोकल लेंथ १००० मिमी लिहिलेली असेल तर त्यापासून दूर राहा. त्यात फोकसरच्या आत एक भिंग बसवलेलं असतं, त्यामुळे कॉलिमेशन नवशिक्याच्या हातात राहत नाही. खोक्यावर '५०० पट' लिहिलेलं असेल तर तेही सोडा. ८ इंचीत सैद्धांतिक मर्यादा ४०० पट आहे, पण आपल्याकडच्या हवेत बऱ्याच रात्री १५० ते २०० च्या वर प्रतिमा नुसती मोठी होते, तपशील वाढत नाही.

आयपीस: सोबत बहुधा २५ आणि १० मिमीचे येतात. १२०० मिमी फोकल लेंथवर ते ४८ आणि १२० पट होतात. ग्रहांसाठी ६ मिमीचा ६६ अंशी (रुंद दृश्य क्षेत्राचा) घ्या, २०० पट मिळतात. ५० अंशी १० मिमी प्लॉसलला (हा आयपीसचा साधा प्रकार) डोळा भिंगाच्या सात-आठ मिमी जवळ न्यावा लागतो, चष्म्यासकट ते होत नाही. फक्त लांबचं-जवळचं असेल तर चष्मा काढा, फोकस सांभाळून घेतो. पण सिलिंडरचा दोष फोकसने जात नाही, आणि तो कमी वर्धनाला जास्त जाणवतो कारण तेव्हा बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत रुंद असतो, ४८ पटीला ४ मिमीच्या वर. २०० पटीला तो १ मिमीवर येतो, तिथे चष्मा नसला तरी चालतं. म्हणून तुमच्यासाठी कमी वर्धनाचा आयपीस लांब आय रिलीफचा (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) हवा, १५ ते २० मिमी.

चंद्राचा फिल्टर, रंगीत फिल्टरांचा संच, बार्लो (वर्धन वाढवणारं भिंग) हे पहिल्या वर्षी घेऊ नका. त्या पैशांत कॉलिमेशनचं साधन आणि काटकोनी ९×५० फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) येतो. सरळ फाइंडरमधून वरचं बघायला मान मोडावी लागते.

वर्धा_रोड

वरचं सगळं पटलं. चार फुटी कठड्याबद्दल मात्र कोणी बोललं नाही, भाऊ. डॉब्सोनियनची नळी जमिनीलगत फिरते. कठड्यापासून दीड मीटरवर ठेवली तर खालचे १५ अंश सहज झाकले जातात. आपल्याला दक्षिणेचं खालचं आकाश फार मोलाचं आहे: ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ नागपुरातून दक्षिणेला जेमतेम २१ अंश वर येतो, अगस्ती १६ अंश. बैठक कठड्यापासून जमेल तेवढी मागे, गच्चीच्या उत्तर टोकाला ठेवा म्हणजे दक्षिण उघडी राहते. खाली काँक्रीटचे ठोकळे रचून उंची वाढवायच्या भानगडीत पडू नका, बैठक डुगडुगते.

आणि स्लॅब. एप्रिल-मेमध्ये आपला स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. त्यावरून उठणारी गरम हवा थेट नळीसमोरून जाते आणि गुरू पाण्यात ठेवलेल्या नाण्यासारखा हलताना दिसतो. लोक दुर्बिणीला दोष देतात. सूर्य मावळल्यावर गच्चीवर दोन-तीन बादल्या पाणी मारा, तासाभराने दुर्बीण आणा. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा शेजारच्या पत्र्यावरून दिसणारा ग्रह तेव्हा बघू नका, तो सरकून बाजूला येईपर्यंत थांबा.

मनीषनगर_गच्ची

खूप आभार. पाण्याच्या कॅनची परीक्षा पास झालो, ८ इंची मागवली आणि ती आली. आता अडचण अशी: दिवसा लांबचा टॉवर बघायला गेलो तर काहीच फोकस होत नाही. रात्री तेजस्वी तारा मोठ्या गोल चकतीसारखा दिसतो, मध्ये काळा ठिपका आणि चार काड्यांची फुली. आरसा खराब आलाय का?

आरसा२०३

आरसा ठीक असणार. ती चकती म्हणजे फोकसबाहेरचा तारा. मधला काळा ठिपका दुय्यम आरशाची (नळीच्या तोंडाकडचा छोटा तिरपा आरसा) सावली, फुली त्याला धरणाऱ्या पट्ट्यांची. फोकसर एका दिशेने सावकाश फिरवत राहा. चकती लहान व्हायला हवी, मोठी झाली तर उलटं फिरवा.

फोकसर टोकाला जाऊनही चकती लहानच होत नसेल तर जवळजवळ नक्की ॲडॉप्टरची गडबड आहे. बऱ्याच दुर्बिणींसोबत दोन नळकांडी येतात, एक दोन इंचीसाठी आणि एक सव्वा इंचीसाठी. ती एकात एक घालायची नसतात, एका वेळी एकच. काही मॉडेलांत उलट असतं: सव्वा इंची आयपीस मागे यावा म्हणून सोबतचं ३५ मिमी लांबीचं एक्स्टेंशन जोडावंच लागतं. एकदा आयपीस हातात धरून, फोकसरपासून पुढेमागे करून बघा. मागे नेल्यावर प्रतिमा जमली तर एक्स्टेंशन हवं, आत ढकलावासा वाटला तर एक नळकांडं जास्त आहे. आणि टॉवर किमान एक किलोमीटर लांबचा घ्या.

फाइंडर याच टॉवरवर जुळवा: २५ मिमीमध्ये टॉवरचं टोक मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून फुली त्याच टोकावर. दिवसा हे करताना सूर्य पाठीमागे आणि इमारतीच्या आड असू द्या. मुलीला एकटीला दुर्बिणीजवळ सोडू नका, फाइंडरलाही झाकण लावा. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर पूर्ण आरशाएवढा ओडी ५ चा (प्रकाशाचा एक लाखावा भागच आत सोडणारा) सौर फिल्म फिल्टर, वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसवून. आयपीसला आटे देऊन लावायचा काळा सौर फिल्टर कुठे मिळाला तर फेकून द्या. तो उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो.

मनीषनगर_गच्ची

ॲडॉप्टरच होता! दोन्ही एकात एक लावले होते. आता चंद्र सुरेख दिसतो. पण ६ मिमीने तारा टोकदार होत नाही, एका बाजूला शेपटी निघते. कॉलिमेशन म्हणतात ते हेच का?

ध्रुव२१

शेपटी कायम एकाच बाजूला असेल तर हो. आधी तीन वेगळे दोष मनातून बाजूला करा, कारण स्क्रू पिळून ते जाणार नाहीत.

शेपटीची दिशा क्षणोक्षणी बदलते, ताऱ्याला उकळी फुटल्यासारखी दिसते: आरसा अजून गरम आहे. नळी बाहेर आणून ४५ मिनिटं ते तासभर ठेवा, मागचा भाग उघडा. तारा तिकोनी दिसतो: आरशाच्या तीन क्लिपा घट्ट आवळल्या आहेत. क्लिप आणि काच यांच्यात एक जाड कागद सरकला पाहिजे. तारा रेषेसारखा लांबट होतो आणि फोकसच्या पलीकडे गेलं की रेषा काटकोनात फिरते: हा दृष्टिवैषम्याचा दोष. डोकं तिरपं करून बघा. रेषा डोक्याबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा, तुमच्या सिलिंडरचा.

आता कॉलिमेशन. नळी आडवी ठेवा. ॲलन की हातातून सुटली तर ती खाली पडावी, मुख्य आरशावर नाही. मुख्य आरशाच्या मधोमध कंपनीने लावलेली छोटी गोल कडी असते, ती काढू नका, आरशाच्या त्या भागावर तसाही दुय्यम आरशाची सावलीच पडते.

फोकसरमध्ये कॉलिमेशन कॅप घाला. कॅप म्हणजे मधोमध २ मिमीचं भोक असलेलं झाकण. त्यातून बघितल्यावर दुय्यम आरसा गोल आणि फोकसरच्या नळीत मधोमध दिसतोय का ते पाहा. नवीन दुर्बिणीत हे सहसा बरोबर असतं, त्यामुळे मधल्या मोठ्या बोल्टला उगाच हात लावू नका. मग दुय्यम आरशात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसायला हव्यात. एक लपली असेल तर दुय्यम आरशाचे तीन छोटे स्क्रू वापरा: एक पाव आटा सैल, मगच दुसरा तेवढाच घट्ट. तिन्ही घट्ट करत गेलात तर आरसा तिरका अडकतो, तिन्ही सैल केलेत तर तो लोंबकळतो.

शेवटी मुख्य आरसा. मागे तीन मोठे नॉब स्प्रिंगवर आणि तीन लहान लॉक स्क्रू असतात. लॉक सैल करा. आता कॅपच्या भोकाचं प्रतिबिंब मुख्य आरशावरच्या कडीच्या आत मधोमध आणायचं. एक जण भोकातून बघेल, दुसरा नॉब फिरवेल, इथे तुमची मुलगी फार उपयोगी पडेल. जमल्यावर लॉक स्क्रू बोटाने टेकवा, आवळू नका. आवळले की जमवलेलं हलतं.

स्वस्त लेझर घेण्याआधी एक ध्यानात ठेवा: लेझर स्वतःच तिरका असू शकतो. फोकसरमध्ये तो सैल ठेवून गोल फिरवा. आरशावरचा लाल ठिपका जागीच राहिला तर लेझर सरळ आहे. ठिपक्याने वर्तुळ काढलं तर आधी लेझरचेच स्क्रू जुळवावे लागतील. साधी कॅप असं कधी फसवत नाही.

रात्री पडताळणी ध्रुवताऱ्यावर करा, तो आयपीसमधून पळत नाही. तो आपल्याकडे खाली आहे, हवा जरा हलवेल, पण एवढ्या कामाला पुरतो. २०० पटीला तारा मधोमध आणून किंचित फोकसबाहेर करा. कड्या एकात एक आणि समकेंद्री दिसल्या की झालं. गच्चीवर नळी चढवली की दर वेळी मुख्य आरसा तपासायचा. सवय झाली की दोन मिनिटांचं काम आहे.

वर्धा_रोड

बघायला सुरुवात कशी करायची ते थोडं सांगतो, कारण डॉब्सोनियनमध्ये वस्तू पळते आणि लोक घाबरतात. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा मिनिटाला १५ कला (पाव अंश) सरकतो. २५ मिमीत दृश्य क्षेत्र साधारण एक अंश असतं, म्हणजे चार मिनिटं मिळतात. १० मिमीत पावणेदोन मिनिटं. म्हणून वस्तू पूर्वेच्या काठावर आणून सोडायची आणि मधून जाऊ द्यायची. नळी ढकलल्यावर दोन सेकंद हात काढून थांबा, मग बघा. आयपीसमधलं चित्र उलटं असतं, ढकलायची दिशा दोन रात्रींत हाताला कळते.

नागपूरच्या अक्षांशावर मिथुन-वृषभेतला ग्रह माथ्यावर येतो. डॉब्सोनियन तिथेच सगळ्यात अडते, कारण नळी उभी झाली की ती आडवी फिरवायला जोरच लावता येत नाही. ग्रह माथ्यावर येण्याआधी किंवा नंतर दीडेक तासाने बघा, उंची तेव्हाही ६५ अंशांच्या वर असते.

शहरातून, गच्चीवरून: चंद्र पौर्णिमेला नाही, सप्तमी-अष्टमीला, जेव्हा विवरांच्या सावल्या लांब असतात. वसिष्ठ स्वतः जोडतारा आहे, अरुंधती वेगळी. हंसाच्या चोचीतला पिवळा-निळा जोडतारा, पुष्यातला तारकागुच्छ एम४४, मृगातला तेजोमेघ एम४२, आणि स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ एम५७ १२० पटीला. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, आता ती दरवर्षी उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल. दीर्घिका मात्र शहरातून शोधू नका. देवयानीतला एम३१ नुसता धुरकट डाग दिसतो आणि मुलांचा हिरमोड होतो.

त्यासाठी बाहेर पडा. दिशा वस्तू बघून ठरवायची. रामटेकच्या बाजूला गेलात तर नागपूरचा उजेड नैऋत्येला येतो, ईशान्य-पूर्व चांगली. वृश्चिकाची शेपटी, धनूतले तेजोमेघ आणि ओमेगा सेंटॉरी हवा असेल तर उमरेड ओलांडून भिवापूरकडे, कारण तिथून शहर वायव्येला राहतं आणि दक्षिण काळी मिळते. बुटीबोरीच्या वसाहतीचे दिवे आणि कोराडी-खापरखेड्याचा परिसर टाळा. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. तिथे जाताना वन विभागाच्या नियमांत, राहण्याची सोय पक्की करूनच जा. रात्री जंगलाच्या रस्त्यावर गाडी थांबवून दुर्बीण मांडायची नाही. बाहेर जाताना लाल उजेडाचा टॉर्च, मोबाइल बंद, डोळ्याला २० ते ३० मिनिटं अंधार.

आरसा२०३

राहिला पावसाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर आरशाला धोका पाण्यापेक्षा दमट हवेचा, आणि नागपुरात तो मे महिन्यापासूनच सुरू होतो. कारण कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा ज्या खोलीत खेळते तिथे दुर्बीण आणि आयपीस ठेवू नका, भिंगांवर बुरशी धरते.

नळी उभी, मुख्य आरसा खाली, दोन्ही तोंडांना झाकण, वरून सुती चादर. प्लास्टिक गुंडाळू नका, आत कोंडलेला ओलावा बाहेर पडत नाही. नळीच्या तोंडाकडे कापडी पुरचुंडीत २०० ते ३०० ग्रॅम सिलिका जेल टांगा, दाणे आरशावर सांडणार नाहीत अशी गाठ मारून. आयपीस हवाबंद स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात, प्रत्येकी छोटी पुडी. नारंगी दाणे हिरवे पडले की गरम करून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली की झाकणं काढून तासभर सावलीत हवा द्या. उघडी नळी उन्हाकडे तोंड करून ठेवली तर आरसा सूर्यकिरण एकत्र करून आतलं प्लास्टिक जाळू शकतो.

बैठक पार्टिकल बोर्डाची असते आणि तिच्या कडा पाणी पितात. जूनआधी उघड्या कडांवर आणि स्क्रूच्या भोकांवर वॉर्निशचे दोन हात द्या. फुगलेला बोर्ड परत बसत नाही, आणि मग आडवी हालचाल झटक्यांनी होते. बैठकीचे स्क्रूही जोरात आवळू नका, भुशाच्या बोर्डात आटे लगेच सुटतात.

एसीतून काढलेली दुर्बीण सप्टेंबरच्या रात्री बाहेर आणली की आरसा लगेच धुकटतो. पुसायचा नाही. घरातला एसी बंद करून तासभर तशीच ठेवा, मग न्या. हिवाळ्यात उलट, दव दुय्यम आरशावर आणि फाइंडरवर धरतं. काळ्या योगा मॅटचा ३० सेंटिमीटर लांब भोंगा नळीच्या तोंडाला गुंडाळा, शेजारच्या दिव्यांचा तिरपा उजेडही त्याने अडतो.

आरसा धुवायची घाई नको. टॉर्च मारला की नवा आरसाही धुळकट दिसतो आणि त्या धुळीने प्रतिमा बिघडत नाही. दोन वर्षांनी, किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर लगेच: हातातल्या अंगठ्या काढा, आरसा टबात टॉवेलवर ठेवा, साध्या पाण्याची धार सोडून धूळ वाहू द्या, मग डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून कापसाचा बोळा फक्त त्याच्या वजनाने एकाच दिशेने ओढा. दर ओढीला नवा बोळा. शेवटी भरपूर डिस्टिल्ड पाणी ओतून आरसा कडेवर तिरका उभा करून वाळू द्या. उरलेला थेंब टिश्यूच्या टोकाने टिपा, घासू नका. काढण्याआधी आरशाच्या कडेवर आणि सेलवर (आरसा धरणारी चौकट) पेन्सिलीची खूण करून ठेवा म्हणजे तो पूर्वीसारखाच बसेल, आणि क्लिपा लावताना तो जाड कागद विसरू नका.